आतली तारीख आणि बाहेरचं पाणी

सोमवार संध्याकाळ, रोहा. उद्या अमावास्या.

खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या खारबांधांवरच्या संशोधनाचा प्रस्ताव कॉलेजात द्यायची मुदत उद्या दुपारची, आणि गावाचं संमतीपत्रच हातात नाही. चूक माझीच. गावातर्फे सही करणाऱ्या, पेणकडच्या मिठागरातल्या हिराजीकाकांना मी विद्यापीठाची तारीख सांगून बसले. तिच्या कितीतरी आधी कॉलेजची आतली तारीख असते, हे कसं विसरले मी? काकांनी सहीसाठी अमावास्येनंतरची अष्टमी धरली. तेव्हा भरतीला जोर नसतो, सगळं गाव एकत्र बसतं, आणि सही गावासमोरच करायची ही त्यांची रीत.

मघाशी फोन केला. काकांच्या आवाजामागे कोणीतरी चिखल थापत होतं. थप, थप.

"उद्या उधाण हाय गो. बांधावरून कोण नाय हलनार."

"काका, तुम्ही एकट्यानेच सही केलीत तर?"

"एकट्याची सही गावाची कशी व्हईल?"

प्राचार्यांकडे गेले. "मॅडम, आतली तारीख म्हणजे तारीख," एवढंच म्हणाले. माझं कंत्राट संपत आलंय. प्रस्ताव गेला नाही तर ठेवतील मला? सही मीच ठोकून देऊ? छे! काय लिहितेय मी हे.

तो थप थप आवाज मात्र कानातून जात नाही. दिवेलागणीला एवढ्या घाईने चिखल का थापत होते? बांध खचलाय का कुठे? माझ्या प्रस्तावाचं पहिलंच वाक्य आहे, हे जुने बांध मोठं उधाण पेलणार नाहीत. आणि मी काकांना विचारलं काय, तर सहीचं.

आत्ता पुन्हा फोन लावला. कोणी उचलत नाही.