तिसरा खांब

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. फोनवर मी मुद्द्यावर आले की तुम्ही ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. हेही तिच्याकडे सरकवाल, पण आधी वाचाल हे मला माहीत आहे.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतली गळकी खिडकी एकदाची दुरुस्त झाली. भुशाच्या पिशव्यांवर यंदा अळंबी झकास फुटली आहे. सकाळी खोलीचं दार उघडलं की ओल्या लाकडाचा वास येतो. तुम्हाला आवडला असता.

अंगणातल्या बाकामागे लावलेल्या तुमच्या नव्या फलकाचा फोटो आईने पाठवला. अक्षर नेहमीसारखंच देखणं. ‘दारूने रक्तात वाढणाऱ्या चरबीवर निसर्गाचं कवच, औषधी अळंबी. संशोधन : आमची कन्या.’ खाली माझ्या लेखातला आलेख, एक लाल खांब आणि त्याच्या निम्मा हिरवा. सोबत तुमचा निरोप, की खरा अर्क पाठव, बरणी मोठी बघ. मी आधी पोट धरून हसले. मग फोटो पुन्हा पाहिला.

बाबा, माझ्या आलेखात तीन खांब आहेत.

लाल खांब दारू पाजलेल्या उंदरांचा. हिरवा, दारूबरोबर अळंबीचा अर्क दिलेल्यांचा. त्यांच्या रक्तातली चरबी कमी निघाली, हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तिसरा खांब नुसतं पाणी प्यायलेल्या उंदरांचा. तो सगळ्यांत बुटका. अर्क घेऊनही दारूवाले त्याच्या जवळपास पोचले नाहीत. तुम्ही जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्यात, कुणाची एक वेलांटी चुकवली नाहीत. तेव्हा तिसऱ्याला जागा पुरली नाही हे रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर प्यायला बसणाऱ्या सुतारकाकांना सांगा, मला नको.

आणि उंदरांना दारू आम्ही नळीने पाजतो. मागायला त्यातला एकही येत नाही.

आता जे तुम्ही बोलू देत नाही ते. गेल्या महिन्यात ‘जरा पित्त झालंय’ म्हणालात. ते पित्त नव्हतं. तुम्ही दवाखान्यात होतात. स्वादुपिंडाला सूज होती, आणि तुमचं रक्त नळीत ठेवलं तेव्हा वर चरबीचा दुधासारखा थर जमला. डॉक्टरांनी तो आईला दाखवला. तिने मला परवा सांगितलं, रडत रडत. तुम्ही मात्र घरी आलात आणि बाजारातल्या अळंबीची भुकटी ग्लासात ढवळून, ‘पोरीचं कवच’ म्हणत पुन्हा बसलात. सुतारकाकाही आता स्वतःचा चमचा घेऊन येतात म्हणे.

मला राग आलाय. भीतीही वाटते. आणखी एक गोष्ट लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. तुम्ही चारचौघांत माझं कौतुक कराल म्हणून मी शाळेपासून वाट पाहिली. पहिला नंबर आला तेव्हा ‘हं’ म्हणालात. पीएचडी मिळाल्याचं सांगायला फोन केला, तर ‘जेवलीस का’ विचारलंत. आता माझं कौतुक रंगवून भिंतीवर लावलंत, आणि ते कशासाठी, तर ग्लास भरायला.

अर्क मी पाठवणार नाही. बरणी नाही, चमचाभरही नाही. उंदरांच्या पुढे तो अजून गेलेला नाही. उद्या गेला, तरी दारूत घालायला माझ्या हातून मिळणार नाही.

शनिवारी मी येतेय. महिन्याची रजा टाकली आहे. सोमवारी सकाळी उपाशीपोटी तुमचं रक्त तपासायचं आहे, वेळ घेऊन ठेवली. डॉक्टरांशीही बोलले. दारू सोडताना अंगाला त्रास होतो, हात थरथरतात, त्यावर गोळ्या आहेत आणि त्या त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायच्या आहेत. संध्याकाळी तुमच्या बाकावर सुतारकाकांच्या जागी मी बसणार. चिडा, अबोला धरा, आईला मध्ये घाला, मी हलणार नाही. हट्टीपणा कुणाकडून आलाय ते तुम्ही चांगलं ओळखता.

फलक मी यायच्या आत उतरवा. ते कौतुक मी परत करतेय, बाबा. पुन्हा कधी केलं नाहीत तरी चालेल. मला तुम्ही हवे आहात.

शनिवारी दारात उभी राहणारी,
तुमची मुलगी