आत्याच्या पाठीतला धपाटा

निर्मळ,
६ जानेवारी २०२५

ती. सौ. सुरुचीताईंस,
मनालीचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या घरी आत्याला बारशाचं बोलावणं कुंकू लावलेल्या पत्रानंच जातं आणि उत्तरही पत्रानंच यावं लागतं, असं आईंनी बजावलंय. म्हणून व्हॉट्सॲपच्या जमान्यात ही लेखणी! तुमचे बंधुराज केळी पोचवायला नायगावला येतात, तेच आपले पोस्टमन.

बारसं रविवारी, एकोणीस तारखेला, अंगणात. नाव तुम्हीच शोधायचं आणि लेकीला मांडीवर घेऊन तिच्या कानात सांगायचं. मग आम्ही सगळ्या तुमच्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घालणार आहोत. तेव्हा जेवून-खाऊन या.

लोभ आहेच, तो घेऊनच या.
तुमची,
मनाली


नायगाव,
९ जानेवारी

चि. सौ. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

मोजकंच लिहिते. ऑफिसात काम तुंबलंय, रविवारीही बोलावलंय. बारशाला जमणार नाही. मी नाही तरी नवरा येईल, नाव श्रीरंगच्या हाती पाठवते. कानात दुसरं कुणी सांगितलं तरी चालेल. आईची समजूत तू घाल.

राग धरू नकोस.
सुरुची


निर्मळ,
११ जानेवारी

ती. ताईंस, नमस्कार.

राग धरलाय. तुमचं पत्र वाचून आई जेवल्या नाहीत. हॉस्पिटलात आलात, तेव्हाही लेकीला घेतलं नाहीत. मी पुढे केली, तर तुम्ही हात ओढणीखाली लपवलेत. मुलगी झाली म्हणून आत्या नाराज आहे, असं शेजारणी बोलताहेत. त्यांना मी उडवून लावलं, पण घरात येऊन मलाच रडू फुटलं.

ऑफिसचं कारण पुरे झालं. खरं काय ते लिहा. नाहीतर लेकीला घेऊन तुमच्या सोळाव्या मजल्यावर येऊन ठाण मांडीन.

तरीही तुमचीच,
मनाली


नायगाव,
१३ जानेवारी

चि. मनाली,
अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली म्हणून नाराज? अगं, तिच्यासाठी मी किती नावं काढून ठेवलीत!

माझे हात दुखतात गं. वर्ष होऊन गेलं. अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ जाते, बोटांना मुंग्या येतात. दिवसभर टायपिंग करून हे झालं, असं डॉक्टर म्हणतात. पट्टा, शेक, व्यायाम, सगळं चालू आहे. कधी थांबेल ते कुणी सांगत नाही. केस मी फॅशन म्हणून नाही कापले, वेणी घालता येईना म्हणून कापले. कणीक श्रीरंग मळतो. त्याच्या पोळ्या बघितल्या की घटकाभर दुखणं विसरायला होतं. हे पत्रसुद्धा थांबत थांबत लिहितेय.

गेल्या महिन्यात चहाचा भरला कप हातातून सुटला. मुठीतला जोर कधी जाईल, कळतच नाही. दुसऱ्याच दिवशी तू बाळंत झालीस. हॉस्पिटलात तू लेक माझ्यापुढे धरलीस आणि मला तो कपच दिसला. तिला उराशी घ्यावं असं किती मनात होतं, कसं सांगू?

आईला कळू देऊ नकोस. तेलाची बाटली घेऊन येईल आणि रडत बसेल. मला कुणाची बिचारी व्हायचं नाही.

तुझी,
सुरुचीताई


निर्मळ,
१५ जानेवारी

ती. ताईंस, नमस्कार.

रडून झालं, आता ऐका. लेक तुमच्या हातात द्यायचीच नाही. तुम्ही पाटावर बसा. मी तिला तुमच्या मांडीवर ठेवीन आणि माझे हात तिच्याखाली राहतील. कानात नाव सांगायला मनगट कशाला लागतंय? कुणाला सांगणार नाही, शपथ.

आला नाहीत, तर पोर बिननावाची राहील. बघा बाई!

वाट पाहणारी,
मनाली


नायगाव,
२० जानेवारी

चि. सौ. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

शपथ मोडलीस ना? काल जुईच्या कानात नाव सांगितलं आणि डोळे मिटून पाठ पुढे केली. धपाटे आलेच नाहीत. एकेकीचा हात नुसता पाठीवरून फिरत गेला. शेजारणींचा, काकूचा, शेवटी आईचा. आईचा हात तर तिथेच थांबला. तेव्हा कळलं, तू साऱ्या अंगणाला सांगून ठेवलंयस.

फार बरं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, की आता मी सगळ्यांनी जपून हाताळायची बाई झाले.

तेवढ्यात शेजारच्या धोंडूआजीनं दणका घातला! तिला ऐकू येत नाही, हे विसरलीस वाटतं. असा खणखणीत धपाटा, की जुई दचकली. भाचीला बघायला इतके दिवस कुठे उलथली होतीस, असंही वर विचारलं. तुम्ही सगळ्या घाबरून माझ्याकडे बघत होतात आणि मला हसू आवरेना.

हात आजही दुखताहेत. पाठही चुरचुरतेय. ती मात्र थोडे दिवस अशीच राहू दे.

आईला सांग, तेल घेऊन खुशाल ये. जुईचा माझ्या वतीनं एक पापा घे.

तुझी,
जुईची आत्या