‘सध्या’ हा शब्द वगळून

मुक्काम : खाट क्रमांक तेवीस, खिडकीपासून दुसरी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण डावा गुडघा महिनाभरापासून संपावर आहे, तेव्हा सात अंगांवर भागवून घे.) भावोजींच्या खुब्याचं हाड आता जुळलं असेल. त्यांना म्हणावं, काठी घ्यायला लाजू नका, काठी टेकणारा माणूस पडणाऱ्या माणसापेक्षा केव्हाही रुबाबदार दिसतो. तुझी रक्तदाबाची गोळी घेतलीस का? नसशील तर आधी घे आणि मग पुढचं वाच. घाई नाही, पत्र कुठे पळून जात नाही.

तुझ्या पत्त्यावर माझ्या नावाचं एक खाकी पाकीट आलं असेल. ते फोडू नकोस. फोडलं असशील तर (फोडलंच असणार, शाळेत असल्यापासून तू माझं प्रगतिपुस्तक माझ्याआधी वाचत आलीस) आतला कागद मनाला लावून घेऊ नकोस. त्यात लिहिलंय (प्रत मला कार्यालयात दाखवली) की सदर अर्जदार वरील पत्त्यावर कायमस्वरूपी राहत असल्याने त्यास बेघर म्हणता येत नाही, सबब भाडे-साहाय्याचा अर्ज नामंजूर. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त खोटं आहे. मी तुझ्याकडे राहत नाही हे तुला माहीत आहे, आणि माझ्या खोलीवर राहत नाही हे आता सांगतो. ताई, तीन महिने झाले, मी बेघर निवारा केंद्रात आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू रडली असतीस, मग भावोजींनी फोन घेतला असता आणि मला जमलं नसतं. लिहिताना निदान आवाज ऐकू जात नाही.

झालं ते असं. छापखाना बंद झाला हे तुला कळवलं होतं. छापखान्यामागची माझी खोली छापखान्याचीच होती, हे मात्र मी तुला एकतीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मालकांच्या मुलाने वाईट वागवलं नाही. दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्यांवरची शुद्धलेखनाची शेवटची कामंही दिली. पण मुद्रितशोधकाला आता कोण विचारतो? लोक चुकीचं लिहितात, चुकीचंच वाचतात, आणि दोघांचं छान चाललेलं असतं. म्हातारपणी एकट्या माणसाला खोली देताना मालकमंडळी खोलीपेक्षा माणसाकडे जास्त बघतात, आणि बघून झालं की अनामत वाढवतात. सांगायचं म्हणजे, शोधलं बरंच, मिळालं नाही.

आता एक कबुली. मी मध्यंतरी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? मोठी चामडी बॅग घेऊन. तू विचारलंस, एवढी बॅग कशाला रे, आणि मी म्हणालो, प्रुफं आहेत. ती प्रुफं नव्हती. ते सगळं घर होतं. मी राहायला आलो होतो, ताई. पण दार उघडलं तर पुढच्या खोलीत भावोजींची खाट, तिच्या पायथ्याशी जुळ्यांची दप्तरं, मधल्या खोलीत लेक-सुनेचा संसार, आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली लावलेली एक वळकटी. मी ती वळकटी पाहिली. तुझी होती. साठी उलटलेली बाई आपल्याच घरात ओट्याखाली झोपते आणि वर मला म्हणते, राहा की दोन दिवस. मी चहा प्यालो, पुढच्या गाडीने जायचंय म्हणालो आणि निघालो. पुढची गाडी नव्हतीच. स्टँडवर बाकावर बसून राहिलो, आणि खोटं सांगावं कशाला, मला फार लाज वाटली. कशाची, ते अजून नीट कळलेलं नाही.

पण इथलं ऐक. इथे चाळीस खाटा, एक मोठा हॉल, भिंतीला हिरवा रंग आणि वर फळा, त्यावर ‘स्वच्छता हिच सेवा’. (पहिल्याच दिवशी त्या ‘हि’ची वेलांटी मी खडूने दीर्घ केली. तेव्हापासून मला इथे ‘शुद्धलेखन’ म्हणतात. ए शुद्धलेखन, पाणी आलं, अशी हाक येते आणि मी बादली घेऊन धावतो.) शेजारच्या बाविसाव्या खाटेवर एक वॉचमन आहेत. त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या इमारतींची दारं राखली. भर दुपारीसुद्धा हॉलचं दार वाजलं की ते अंथरुणातून ताडकन उठतात आणि आत येणाऱ्याला विचारतात, कोणाकडे जायचंय? एकदा साक्षात तपासणीला आलेल्या साहेबांना विचारलं. साहेब गोंधळले आणि त्यांनी वहीत सही करून टाकली.

तपासणीचा प्रकार मला समजायला वेळ लागला. सरकार निवाऱ्याला अनुदान देतं ते भरलेल्या खाटांवर. खाट रिकामी दिसली की अनुदानाला कात्री. त्यामुळे तपासणीच्या दिवशी व्यवस्थापिका बाई सगळ्यांना विनवतात की आज कामावर जाऊ नका, आपापल्या खाटेवर दिसा. पण आम्ही सगळे खाटेवर दिसलो की साहेब शेरा मारतात, लाभार्थी कामधंदा करत नाहीत. शिवाय वर्षाला इतकी माणसं निवाऱ्यातून भाड्याच्या घरात गेली पाहिजेत, हाही वरून हुकूम. म्हणजे खाट भरलेली पाहिजे आणि माणूस गेलेला पाहिजे. बाई बिचाऱ्या इकडे आड तिकडे विहीर अशा. पण माणूस सोन्यासारखा. मला इथे नव्वद दिवसच राहता येतं, तरी त्यांनी खटपट करून माझी मुदत या महिनाअखेरपर्यंत वाढवून घेतली. त्यापुढे त्यांच्याही हातात नाही.

म्हणून भाडे-साहाय्य योजना. मान्य झालं तर वर्षभर भाड्यातला मोठा हिस्सा सरकार थेट घरमालकाला देतं, उरलेला आपण. बाईंनी मला खोलीही शोधून दिली आहे. घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर, एक खिडकी, एक मोरी, आणि जिन्याला कठडा आहे (गुडघ्याने आधी कठडाच पाहिला). मालकीण निवृत्त नर्स आहेत. त्यांनी मला अनामत विचारली नाही, औषधं कुठली घेता ते विचारलं. महिनाअखेरपर्यंत खोली माझ्यासाठी धरून ठेवते म्हणाल्या. मी त्या खिडकीजवळ पाच मिनिटं उभा राहिलो, ताई. टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं. टेबल नाही माझ्याकडे, पण जागा ठरली.

आता माझा मूर्खपणा. अर्जाचा छापील नमुना हातात आला. पहिल्याच पानावर ‘बेघर असल्याचा पुरवठा जोडावा’. पुरवठा! पुढे ‘भाडेकरु’ ऱ्हस्व, ‘संमतीपत्र’ दीर्घ, आणि ‘अर्जदाराने खारी माहिती भरावी’. माझा हात खिशाकडे गेला कधी ते मला कळलं नाही. सतरा चुका, ताई. सगळ्या लाल पेनाने, समासात खुणा करून, नीट दुरुस्त केल्या, मग निळ्या शाईने अर्ज भरला आणि खिडकीवर दिला. तीन आठवडे काही उत्तर नाही. चौकशीला गेलो तर कळलं की त्या कार्यालयात लाल शाई फक्त वरचे साहेब वापरतात, आणि तीही नामंजूर लिहायला. माझ्या अर्जावर इतकं लाल पाहून आतल्या कारकुनाने तो न वाचताच नामंजुरीच्या गठ्ठ्यात टाकला. म्हणाला, एवढ्या जोरात नामंजूर झालेला अर्ज आम्ही आजवर पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या शाईवर पोट भरलं, तिनेच घात केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार?

खिडकीवरच्या बाई मात्र भल्या. पोट धरून हसल्या आणि दुसरा कोरा अर्ज दिला. या वेळी मी लाल पेन वॉचमनच्या स्वाधीन करून बसलो. (त्यांनी ते अर्ज भरून होईपर्यंत मुठीत धरलं होतं.) सगळं निळ्यात, सगळं सरळ. एक रकाना होता, ‘कायमचा पत्ता’. बेघराच्या अर्जात हा रकाना का, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. मी तुझा पत्ता लिहिला. विचारही केला नाही. शाळेच्या दाखल्यापासून प्रत्येक कागदावर त्या जागी मी तोच लिहीत आलोय, तुझं लग्न झाल्यावर मी फक्त घर नंबर बदलला. खरंच सांगतो, दुसरं काही सुचलंच नाही. आणि त्या एका ओळीवरून कार्यालयातल्या संगणक-यंत्राने ठरवलं की या गृहस्थाला घर आहे, आणि तसं कळवणारं पाकीटही त्याच घरी पाठवून दिलं. यंत्राला नावं ठेवावीत तरी कशी? मीच सांगितलं होतं त्याला.

बाकी माझी काळजी करू नकोस. जेवण वेळेवर मिळतं, अंथरूण स्वच्छ असतं, आणि वॉचमन मला रोज सकाळी विचारतात की कोणाकडे जायचंय. मी सांगतो, इथेच आहे. जुळ्यांना माझा पापा. ‘आशीर्वाद’मध्ये पहिली वेलांटी नव्हे, दुसरी, ‘शी’ दीर्घ असतो, हे त्यांना सांग. आणि तू त्या ओट्याखाली झोपताना पाय आखडून झोपू नकोस, पाठ धरते.

तुझा,
धाकटा

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलं. (राहिलं नव्हतं, टाळत होतो.) अर्ज पुन्हा उघडायला त्या पत्त्यावरच्या कर्त्या माणसाचं एक पत्र लागतं, तुझ्या हातचं, तुझ्या सहीचं, महिनाअखेरीच्या आत. नमुना सोबत आहे, जसाच्या तसा उतरवायचा : ‘मी लिहून देते की सदर व्यक्ती माझा सख्खा भाऊ असून त्यास माझ्या घरी राहण्यास जागा नाही व पुढेही देता येणार नाही.’ बस, एवढंच. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून भावोजींची सही चालत नाही, मी विचारून पाहिलं.

ता. क. दोन : मला ठाऊक आहे, तू हे वाचून चिडशील आणि म्हणशील, ये गाठोडं घेऊन, बघू कोण जागा नाही म्हणतं ते. तसं करू नकोस. मी आलो तर तू ओट्याखालून कुठे जाशील? घरात जागा नाही हे खरं आहे. ते तुझ्या तोंडून कधी निघणार नाही हेही खरं आहे. सरकारला पहिलं लेखी हवंय. दुसऱ्याला पुराव्याची गरज नाही.

ता. क. तीन : एक आनंदाची बातमी. अर्जाचे नवे नमुने छापून आले. ‘पुरवठा’ जाऊन ‘पुरावा’ झालाय. ‘संमतीपत्र’ अजून दीर्घच आहे, पण सतरातली एक तरी घेतली. नामंजुरीच्या गठ्ठ्यातला माझा तो लाल अर्ज कुणीतरी वाचला म्हणायचा.

ता. क. चार : नमुन्यातलं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. मुद्रितशोधक म्हणून मला तिथे ‘जागा’च्या आधी एक शब्द राहिल्यासारखा वाटला, ‘सध्या’. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, घालू का? म्हणाल्या, “काका, ‘सध्या’ लिहिलंत की साहेब विचारतात, सध्या संपणार कधी? मग परत अर्ज अडकतो. नका घालू.” तेव्हा तूही घालू नकोस. तुझ्या पत्रांत घाईने नेहमी एखादा शब्द गळतो. जुन्या खोलीवर आलेल्या शेवटच्या पत्रात ‘तू कधी’ एवढंच लिहून तू पुढच्या ओळीवर गेलीस, आणि मी ‘येणार’ वाचलं. तसाच हा एक शब्द मुद्दाम गाळ. अक्षर नीट काढ, सही कर आणि परत वाचू नकोस. वाचायचं काम माझं. तुझे गळलेले शब्द जागच्या जागी भरत मी म्हातारा झालो, हाही भरून घेईन.