अर्ध्या वेगातली तान

मास्तर, तुमचं चुकलंच होतं. हे तुमच्या तोंडावर म्हणायची माझी कधी छाती झाली नाही, आणि आता तुम्ही जाऊनही पंचेचाळीस वर्षं उलटली, म्हणून कागदावर म्हणते. सांगलीत तुमच्या माडीवरच्या गाण्याच्या क्लासात आम्ही चार मुली आणि तीन मुलगे होतो. मुलींना तुम्ही बंदिश द्यायचात, थोडे आलाप द्यायचात, आणि तानांची वेळ आली की म्हणायचात, "तुम्ही पोरी निघा आता, तुम्हाला एवढं पुरे." आम्ही जिन्यात चपला घालतोय तोवर वर मुलांच्या ताना सुरू व्हायच्या. मला त्या ताना हव्या होत्या. सासरी चार भजनं म्हणून दाखवण्यापुरतं गाणं मला नको होतं. तुम्ही वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. माझा घसा बसला तेव्हा तुम्ही स्वतः ज्येष्ठमधाचा काढा उकळून मला पाजलात. माझं आटपाडीकडचं 'न्हाई' ऐकून मुलं फिदीफिदी हसली तेव्हा त्यांना झापलंत. म्हणून तर राग जास्त येतो.

क्लासाच्या पाचव्या वर्षी मामा मद्रासहून आला. तिकडे तो गलाईच्या धंद्यात होता, सोनं गाळायच्या भट्टीवर. तिथल्या परदेशी मालाच्या बाजारातून त्यानं दोन चाकांचा, स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला आणि जाताना आमच्याकडेच ठेवला. सोबत एकच टेप होती, परदेशात भरून विकलेली, आपल्याकडच्या एका गाणाऱ्या बाईंची. पहिल्याच दिवशी माझ्या घाईनं ती तुटली. मी रडकुंडीला आले, तर मामा म्हणाला, "भ्यायचं न्हाई गं, जोडता येती." त्यानं ब्लेडनं दोन्ही टोकं कापून चिकटपट्टी लावली. चारएक बोटं टेप केरात गेली. एवढ्यानं काय बिघडतंय, असं मला वाटलं. बाईंची तान इतकी वेगवान की एकही सूर हाती लागेना. मग एका दुपारी वेगाचा खटका चुकून खाली ओढला गेला, आणि तीच तान बरोबर एक सप्तक खाली, निम्म्या वेगात, एकेक सूर सुटा होऊन येऊ लागली. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "आत कोण बाप्या गातोय गं?" मी म्हटलं, "बाईच हाय, आई." "मग तिला लय सर्दी झालीया," आई म्हणाली आणि तवा उतरवला. महिनाभर मी रोज तेच केलं. चार सूर ऐकायचे, थांबवायचं, म्हणायचे, टेप मागे घ्यायची.

मग तुमच्याकडची गुरुपौर्णिमा. माडी भरलीय, मी बंदिश म्हणतेय, आणि न विचारता ती तान घेते. समेवर येते ती एक मात्रा आधीच. तबलजी मान वर करून बघतो. तुम्ही हात वर करता. "ही तान कुणी दिली?" "टेपवरनं घेतली, मास्तर. वेग अर्धा करून." "आणि मात्रा कुठं गेली एक?" मला केरात गेलेली चार बोटं टेप आठवली. मात्रा चुकली म्हणून रागावला असतात तर निमूट ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "मग शिष्याचा गंडा त्या मशीनकडूनच बांधून घे. एक तर ते, नाहीतर मी." मी नमस्कार केला आणि जिना उतरले. घरी येऊन अर्ध्या वेगात टेप लावली, मांडीवर ताल धरला आणि जोडापाशी गळालेली मात्रा शोधून काढली. तिथे चार सूर बसत होते. कुठले ते सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी माझे बसवले. ते ना तुम्ही दिले, ना त्या बाईंनी. अजून मी ती तान तशीच घेते आणि कुणाची माफी मागत नाही.

दोन वर्षांनी तुम्ही अंथरूण धरल्याचं कळलं. मी टेपरेकॉर्डर टांग्यात घालून, एक कोरी टेप घेऊन आले. तुम्ही पडल्या पडल्या मशीनकडे पाहिलंत. "माझं गाणं डब्यात भरायचं नाही. माणसानं माणसाकडनं घ्यावं." माणूस असून तुम्ही दिलं नाहीत, ते या डब्यानं दिलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तुम्ही मात्र उशीला टेकून तासभर गायलात, त्या दिवशी तानासुद्धा, आणि मी बंद मशीन शेजारी ठेवून बसले. पावसाळ्याआधी तुम्ही गेलात.

मी आज मुलींना शिकवते आणि ताना पहिल्या वर्षापासून देते. टेपवरच्या त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण त्या श्वास कुठे घेतात ते मला पाठ आहे. तुमच्यासमोर मी पाच वर्षं बसले. तुमचे शब्द आठवतात, भुवया आठवतात, पण तुमचा आवाज आठवत नाही, मास्तर. किती डोळे मिटून बसले तरी येत नाही. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून सांगते. त्या तासाभरात माझं बोट दोनदा बटणावर गेलं होतं. दोन्ही वेळा मी तुमचं मानलं. मानायला नको होतं.