एका बटणात दोनशे शहाऐंशी नकाशे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दोनशे शहाऐंशी नकाशे! चौदा गावांच्या पाणीपुरवठ्याचे — टाक्या, पाइपलाइन, पंपघरं, सगळे. पुढच्या सोमवारी दुपारी तीनच्या आत पीडीएफ करून जमा करायचेत. इंद्रजित सर म्हणाले, "उशीर झाला तर ही गावं यंदाच्या योजनेतून गेली म्हणून समजा."

ऑफिसातलं प्लॉटिंग, म्हणजे नकाशांच्या छापायच्या प्रती काढणं, वीस वर्षं बंडप्पाकाकांकडंच आहे. नकाशा उघडायचा, कागदाचं माप निवडायचं, रेषांची जाडी लावायची, पीडीएफ करायची, नाव टाइप करायचं, बंद करायचं. की पुढचा! मी मदतीला बसले. संध्याकाळपर्यंत दोघांचे मिळून एकोणतीस. अशानं कसं व्हायचं?

४ फेब्रुवारी

तेरहून येताना बसमध्ये एकच विचार — रोज तेच तेच करतोय, मग ते कॉम्प्युटरनंच का करू नये? आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, पण प्रोग्रॅमिंगचा प पण कुणी शिकवला नाही. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघत बघत एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं द्यायच्या सूचना. नऊ ओळी. बटण दाबलं — नकाशा आपोआप उघडला, पीडीएफ झाली, बंद झाला. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले!

काका म्हणाले, "असलं काय बी नको. एक आकडा इकडचा तिकडं झाला तर गावाला पाणी पोचायचं न्हाय."

६ फेब्रुवारी

फसलं. वीस नकाशे लावले आणि सगळ्यांवर गावाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. तेर पण गायब — माझंच गाव! मोठ्या नकाशांची उजवी कड कापलेली ती वेगळीच. काकांनी बघितलं आणि आपल्या कामाला लागले. सर म्हणाले, "शिवांजली, खेळ पुरे. काकांना हातभार लाव."

मी म्हणाले, "नाही सर, शनिवारपर्यंत वेळ द्या." सरांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ.

७ फेब्रुवारी

फॉन्ट! मराठीचे दोन फॉन्ट या कॉम्प्युटरवर नव्हतेच. टाकले. तेर परत आलं! मोठ्या नकाशाला मोठा कागद निवडायला पण स्क्रिप्टला शिकवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

अकरा दहाला बटण दाबलं. स्क्रीनवर नकाशे भराभर उघडतायत, मिटतायत. सर चहाचा कप घेऊन मागं उभे, चहा प्यायचं विसरले. अकरा बावन्नला शेवटचा झाला. बेचाळीस मिनिटं! नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून गाव आणि नंबर उचलून फाइलला नाव पण स्क्रिप्टनंच दिलेलं. कडा शाबूत. मग दिवसभर बसून एकेक पीडीएफ मूळ नकाशाशी ताडून बघितली. एक चूक नाही!!

"हे तू केलंस?" सर म्हणाले.

मीच केलं. मी.

आईला सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजी नेमकं काय केलंस?" मी म्हणाले, चौदा गावांचं काम पाऊण तासात. तिनं शेजारी जाऊन वीस गावं सांगितली! मी पण दुरुस्त केलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

जमा झालं. एक वीसला पोच हातात.

सर खुशीत होते. हसत म्हणाले, "काय बंडप्पा, आता तुम्ही काय करणार?" काका हसले नाहीत. डबा पिशवीत घातला आणि वेळेच्या आधीच निघून गेले. मी इथं आले तेव्हा कुठली रेष जाड आणि कुठली बारीक हे मला त्यांनीच शिकवलं. माझ्यावर रागावलेत. रागावणारच. सरांना तिथंच काहीतरी बोलायला पाहिजे होतं मी.

तरी खोटं कशाला लिहू — अभिमान वाटतोय. लई वाटतोय.

११ फेब्रुवारी

सकाळी काका सरांपुढं उभे. "पंधरा दिवस सुट्टी पायजे. सोलापूरला मोतीबिंदूचं आपरेशन हाये. दोन्ही डोळ्यांचं."

सर म्हणाले, "अहो, आधी का नाही बोललात?"

"माझ्यामागं हे काम कोण करणार व्हतं? दोन वर्सं झाली, बारीक आकडे अंदाजानं वाचतोय. जीव नुसता टांगणीला." मग माझ्याकडं वळले. "पोरी, आता बिनघोर जातो."