लांडग्याचा वाटा

६ फेब्रुवारी, गुरुवार

लांडगी मेली. ओढ्याच्या काठाला, तरवडाच्या झुडपात. तोंडाला फेस, पाय ताणलेले. दहा पावलांवर तिचा नर, तोही मेलेला.

वनखात्याचा रामहरी घरोघर सांगत फिरत होता, "कुनीतरी इख घातलंय!" सांगताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. माझ्याही. माझ्याकडे कशाला बघायचं?

ती लांडगी मला ओळखीची होती. डावा कान फाटलेला. हे तिला पाहुणी म्हणायचे. हे जाऊन दोन वर्षं झाली, पाहुणी येत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

सोलापूरहून मोठे साहेब आले. समाजमंदिरावर नोटीस लावली. सगळ्यांना मीच वाचून दाखवली. शाळेत न गेलेली मी, लेकीच्या, सुकन्याच्या पुस्तकांवर शिकलेली! आठ दिवसांत विष घालणारा सापडला नाही, तर माळ चराईला बंद. भोवती चर खणणार. खाली बारीक अक्षरात बरंच होतं, ते सोडलं. बारीक वाचायला यांचा चष्मा लागतो. तो पेटीतच आहे. काढवत नाही.

शिवम्मा बोललीच— "लांडग्याचा पंचनामा करतायसा, आमच्या कोकराला कोन इचारतंय?" लोक हसले. तिचा नवरा बिभीषण, माझा चुलत दीर, हसला नाही. त्याची तीन कोकरं या लांडग्यांनी नेली. दिवाळीत तोच म्हणाला होता, "एकदा बघतोच त्यांच्याकडं."

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माळाच्या कडेला चुन्याची रेघ दिवाळीतच मारलेली आहे. लांडगी मेली आत्ता. वनखात्याला आधीच चर खणायचा होता का?

माळ गेला तर माझी बासष्ट मेंढरं विकायची. मग कुंभारीला लेकीच्या दोन खोल्यांत जाऊन बसायचं. सुकन्या फोनवर म्हणते, "आई, ये की हितं." जावई चांगला आहे. पण तिथे सकाळी उठून मी कुणाला हाक मारू?

९ फेब्रुवारी, रविवार

विचार करून डोकं उठलं.

आमच्या घरात मेलेलं मेंढरू पुरत नाहीत. कपाळाला भंडारा लावायचा, माळावर पांढऱ्या दगडापाशी ठेवायचं, मागे न बघता यायचं. तो लांडग्याचा वाटा. हे म्हणायचे, "त्येचा त्येला दिला की जित्यावर झडप घालत न्हाय." गावात बाकीच्यांनी सोडलं. मी सोडलं नाही. सोडलं तर यांचं काय उरलं?

मागच्या सोमवारी म्हातारी मेंढी गेली, तीही ठेवून आले. म्हणजे लांडगे उपाशी नव्हते. तरी विष खाल्लं! घालणाऱ्याला त्यांची वाट पाठ असणार. आपल्यातलाच कुणीतरी आहे.

कातरणीनंतर कळप गोचिडाच्या औषधाने धुतला, त्याचा वास हाताला अजून आहे. कुत्रंसुद्धा जवळ येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

बिभीषण ओढ्यावर बादली विसळत होता. पाणी पांढरं वाहत होतं. मला बघून बादलीवर टॉवेल टाकला.

"काय धुताय भावजी?"

"तुरीचं औशद, वहिनी. तुमी काय पोलिसात लागलाय व्हय?"

तूर तर त्याने महिन्यापूर्वीच काढली!

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा बादली घेऊन तरवडाकडे गेला. परत आला तेव्हा बादली रिकामी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रामहरीला सांगितलं. बादली, पांढरं पाणी, तुरीचं खोटं, सगळं. "माजं नाव नको घेऊस," म्हटलं. तो म्हणाला, "गोजाबाई, तुमी गाव वाचवलं बगा."

तेवढं ऐकून बरं वाटायला हवं होतं. हे गेले तेव्हा तेरा दिवस माझा कळप बिभीषणनेच राखला होता. ते आजच का आठवावं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी जीप आली. नेला. गाडीत बसताना एकदा माझ्या दाराकडे बघितलं. त्याला कळलं असेल का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवम्मा आली. भांडायला आली म्हणून मी दारातच उभी राहिले. ती भांडली नाही. उंबऱ्यावर बसली.

"अक्का, दूध नेत हुतं त्ये."

"कसलं दूध?"

"लांडगीची तीन पिलं हायती तरवडात. डोळं लुकलुक करत्यात. शेळीचं दूध पाजत हुतं रोज. लोकं हसतील म्हनून मला बी सांगितलं न्हवतं. चार दिवसामागं मागनं जाऊन बघितलं मी!"

बादली. पांढरं पाणी.

ती सांगत होती, "लांडग्याच्या पोटात मेंढी निगाली म्हनं. मेंढीला इख लावून टाकली, आसं सायबांचं म्हननं. कुटली मेंढी? आमची एक बी मेली न्हाय औंदा. कुनाचीच न्हाय."

कुणाचीच नाही. बरोबर. फक्त माझी.

शिवम्माला चहा केला. कप देताना माझ्या हाताचा वास मलाच आला. म्हातारी मेंढी धुतल्यावर दोन दिवसांनी गेली होती. लाळ गाळत, थरथरत. मी वयावर ढकललं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उजाडताच पेटी उघडली. यांचा चष्मा लावला. बाटलीवरची मोठी अक्षरं दुकानातच वाचली होती— गोचिडावर खात्रीशीर. खालची बारीक आज वाचली. औषध किती घालायचं ते लिहिलं आहे. मी अंदाजाने ओतलं होतं. त्याच्याखाली: दगावलेले जनावर उघड्यावर टाकू नये. खोल पुरावे.

बाटली पिशवीत घेतली आहे. पिलांसाठी दूध शिवम्माकडे दिलं. सोलापूरच्या एसटीला अजून वेळ आहे. तिथे साहेब जबाबाच्या कागदावर नाव लिहून मागतील. ते मला लिहिता येतं.