दोरी आत जात नाही

११ ऑक्टोबर २००५
खंडेनवमी. हत्यारांची पूजा एकदाची उरकली. दरवर्षी पूजा हेच करतात, यंदा हे खाटेवर. ऑगस्टमध्ये चिंचेवरून पडले, ऑपरेशन करून मांडीच्या हाडात सळई घातली – अजून मोरीपर्यंत जायलाही माझा खांदा लागतो. म्हणून यंदा कोयता, कुऱ्हाड आणि झाडं तोडायचं मशीन सासूबाईंनी पुढ्यात घेतलं. हातचं राखून काही करणं त्यांना ठाऊकच नाही. मशीनला हळद-कुंकू, त्यावर मूठभर विभूती, आणि नारळ फोडून सगळं पाणी मशीनवरच! हे आतून ओरडले, "अव्वा, पानी नगं वतूस!" तोवर ओतून झालं होतं.

१२ ऑक्टोबर
दसरा. धाकट्या दिरानं, महांतेशनं, मुहूर्त म्हणून मशीन सुरू करायची दोरी ओढली. बाहेर आली ती आलीच. आत जाईना. दमलेल्या कुत्र्याची जीभ लोंबावी तशी लोंबतेय. "वैनी, ह्येला काय झालं?" मला विचारतो!

राधानगरी रस्त्याला पुरात कललेली झाडं तोडायचं काम निघालंय. कंत्राटदार म्हणतो, वीस तारखेला मशीन चालू दाखवा, काम तुमचं. नाहीतर दुसरा बघतो. महांतेश म्हणतो मी चढतो झाडावर. आजवर तो खाली उभा राहून दोर धरायचा, चढायचे हेच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "जा की." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला काम पाहिजे. नुसत्या माझ्या ब्लाउजांवर हे घर चालणार नाही. कंबर धरते आता शिवताना.

१३ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच्या रफिकभाईंकडे गेले. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, सगळं दुरुस्त करतात. रोजे चालू आहेत, दुपारनंतर शटर ओढतात. म्हणाले, "वैनी, तुमी शिलाई मशीन खोलताय न्हवं? मग ह्ये बी जमतंय. बाजूचं झाकण काढा. आत चकती हाय, तिच्यावर दोरी. चकतीमागं स्प्रिंग गुंडाळल्याली. तीच दोरी आत वढती. फकस्त तोंड लांब धरा, डोळ्यावर उडती."

घरात धडधाकट पुरुष असताना तोंड मी लांब धरायचं. महांतेशला स्क्रू दिसला की घाम फुटतो. असो.

१४ ऑक्टोबर
खोललं! शिलाई मशीनच्याच पेचकसानं. आत बघते तर नारळाचं पाणी आणि विभूती मिळून सिमेंट झालेलं. चकती जागची हलत नव्हती. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन बसले. दोरी गुंडाळली, लावली – निम्मी आत गेली आणि दमली. परत काढलं, स्प्रिंगला दोन वेढे जास्त दिले. सर्रकन आत!

किती दिवसांनी काहीतरी माझ्या हातानं नीट झालं. सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "पूजा पावली बघ." बरं बाई.

१५ ऑक्टोबर
पुन्हा लोंबतेय.

१६ ऑक्टोबर
झाकण पिशवीत घालून रफिकभाईंकडे. त्यांनी झाकणाच्या फटीत दाभण घालून काहीतरी बाहेर काढलं, फुंकून टाकलं. "लाकडाची ढलपी अडकलीवती. चकती फिरंना मग. लाकडाचंच मशीन, व्हायचंच." दोरी लगेच आत गेली.

घरी आले तर हे खाटेवर बसून बांबूच्या दातकोरण्या तासत होते. दुसरा उद्योग नाही. खाटेखाली ढीग, तो झाडायचा मी. "झालं का?" म्हणाले. "झालं," म्हटलं. "हं." दोन महिन्यांत ह्यांच्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं हेच असावं.

१७ ऑक्टोबर
सकाळी बघते तर दोरी बाहेर. मी हात लावला नाही. वीट आलाय.

महांतेश सासूबाईंवर खेकसला, "तुज्या नारळानं वाटोळं झालं." त्या जेवल्या नाहीत, हातात गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसून राहिल्या. हे गप्प. आईला बोलतोय तरी गप्प! मला इतका राग आला की ताट आपटलं.

धुण्यात ह्यांचा लेंगा. मागून सगळा काळा, ऑइल आणि धूळ. खाटेवर बसून माणूस इतका मळतो कसा? घास घास घासला, निघेना.

१८ ऑक्टोबर
दिवाळीचे ब्लाउज. मान अवघडली. महांतेश दोनदा विचारून गेला. उद्या बघते म्हटलं.

१९ ऑक्टोबर
आज महांतेश कंत्राटदाराला भेटायला गेल्यावर खोललं. स्प्रिंग स्वच्छ, वेढे बरोबर, दोरी कोरडी. झाकणाच्या फटीतून आत सरकवलेली एक काडी, चकतीच्या दात्यात अडकून बसलेली. बांबूची. गुळगुळीत तासलेली, टोकाला तिरपी कापलेली. ढलपी नव्हती ती. असली दातकोरणी ह्या घरात एकच माणूस करतो.

सोप्यातली फरशी बघितली. खाटेपासून मशीनपर्यंत धूळ पुसल्यासारखा पट्टा. पहाटे मी नळावर, सासूबाई मठात, महांतेश तालमीत – तेवढ्यात हा माणूस खाटेवरून उतरून, बूड घासत, सळईचा पाय ओढत तिथवर जातो. आणि परत. खाटेवर चढतात तरी कसे?

आधी संताप आला. इथं मी पै-पै करतेय आणि हे! मग ते "जा की" आठवलं. भावाला झाडावर चढू नको म्हणायचं तर घर कसं चालवायचं ते सांगावं लागलं असतं. ते ह्यांना सांगता येत नव्हतं. चिंचेवरून पडताना काय दिसलं असेल, हे मी ह्यांना एकदाही विचारलेलं नाही.

काडी काढली. दोरी सर्रकन आत गेली. मशीन अगदी ठणठणीत आहे. उद्या वीस तारीख.

२० ऑक्टोबर
पहाटे नळावर जायच्या आधी दोरी ओढली आणि काडी मीच परत सारली. महांतेशला सांगितलं, "न्हाई जमलं मला. सांग जा कंत्राटदाराला." कंबरेपायी परत पाठवलेले शेजारच्या दोघींचे ब्लाउज शिवायला मागून आणले.

ह्यांचा लेंगा आज स्वच्छ होता.